वाजवून घेतलेली ऐरण

बायको गेली की लोक येऊन सांगतात, "फार गोड स्वभावाची होती हो." माझ्याकडेही आले, सांगून गेले, चहा पिऊन गेले. मी मान हलवली. पण खोटं कशाला बोला, आमची ही काही गोड नव्हती. तोंडाने तिखट, हाताने खरबरीत, आणि एकदा मनात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. गोड माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. त्यांची तोंडंसुद्धा आता आठवत नाहीत. हिचं मात्र घरात कुठे काही खुट्ट वाजलं तरी आठवतं. वर्ष होत आलं आता.

मी शिकलेला माणूस नाही. मराठी चौथीपर्यंत गेलेलो, पुढे रेल्वेच्या गँगमध्ये लागलो. डोंबिवली ते कल्याण रूळ तपासत चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या की हातोड्याने ठोकायच्या, हे माझं काम. आम्हाला चावीवाला म्हणायचे. आता ठाण्याला नौपाड्यात मुलाकडे असतो. सूनबाई म्हणाली, "बाबा, बोलत नाही तर निदान लिहा तरी." म्हणून बसलोय. चुकलंमाकलं समजून घ्या.

तिचं नाव वेणू. मी "अगं" म्हणायचो, ती "अहो". नाव घेतलं ते उखाण्यात तेवढंच.

वेणूची पहिली खोड म्हणजे कुठलीही वस्तू वाजवल्याशिवाय घरात घ्यायची नाही. माठ तर सगळ्याच बाया वाजवून घेतात. ही नारळ वाजवायची, कलिंगड वाजवायची, खुर्चीचा पाय वाजवायची. कपाट घ्यायला गेलो तर दुकानदाराला म्हणाली, "आत काय भरलंय? ठणठणीत नाही वाजत." आत काही नव्हतं. लाकूडच हलकं होतं. मी तिला बघायला कल्याणला गेलो तेव्हा ती पाणी घेऊन आली आणि माझ्या अगदी कानाशी तिच्या हातातून पितळेचं फुलपात्र फरशीवर पडलं. सगळे दचकले, तिची आई ओरडली. मी तसाच बसलेलो. दिवसभर अंगाला लागून आगगाड्या जातात असा माणूस, फुलपात्राने काय दचकणार? लग्नानंतर तिने सांगितलं, "मुद्दाम पाडलं होतं. म्हटलं, बघावं माणूस कसा आहे ते."

"मग कसा आहे?"

"ठीक आहे," म्हणाली. "तडा नाही."

आमची दोन्ही घरं तांबटाची. माझ्या बापाने हातोडा टाकून रेल्वे धरली, तिच्या बापाने नाही. तिच्या बापाला सगळे आप्पा म्हणत. कल्याणात घराच्या पुढच्या भागातच त्यांचं दुकान होतं. हंडे, घागरी, घंगाळं, बंब. मुलगा नव्हता. वेणू एकटी. लहानपणापासून ती भात्यावर बसायची, चिंचेने भांडी उजळायची, तापलेलं तांबं सांडशीने पाण्यात बुडवायची. सगळं करायची, फक्त ऐरणीवर घाव घालायचा नाही. त्यांच्या घरात बाईने ऐरणीवर हातोडा मारायचा नाही असा नेम होता. खंडेनवमीला ऐरणीची पूजा झाली की पहिला घाव घरच्या कर्त्याने घालायचा, आणि बायांनी उंबऱ्यामागे उभं राहून तो ऐकायचा. आप्पा म्हणायचे, "पोरगी उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार. घाव घालणारा हात घरात राहणारा पाहिजे." वेणूला ते कधी पटलं नाही. पण बापापुढे बोलायची रीत नव्हती.

पुढे जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, भांडी आली. हलकी, स्वस्त, कल्हईची भानगड नाही. आप्पांचं दुकान बसत गेलं. त्यातच त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि हात लुळा पडला. तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. हातोडे पुतण्यांना वाटले. आणि ऐरण कल्याणच्या खाडीला दिली. त्यांच्यात तशी रीत होती. घरात घाव घालणारा उरला नाही की ऐरण विकायची नाही, मोडीत घालायची नाही, हळदकुंकू वाहून पाण्याला द्यायची. बैलगाडीतून नेली, होडीत ठेवली, मध्यावर नेऊन सोडली. आम्ही काठावर उभे होतो. पाणी एकदा वर आलं आणि पुन्हा सपाट झालं.

परतताना ही माझ्या पुढे भरभर चालत होती. स्टेशनच्या पुलावर आल्यावर एकदम म्हणाली, "अहो, घाव घालणारा उरला नाही म्हणाले. मी तिथं उभी होते ना? जिवंत?"



आप्पांना आम्ही डोंबिवलीला आमच्याकडे आणलं. स्टेशनच्या पूर्वेला आमची चाळ, दोन खोल्या आणि मागे लहानशी पडवी. पडवीपलीकडे भाताची खाचरं, त्यापलीकडे रूळ. स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली असतील. आप्पा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवायला हाक मारली की जेवायचे, विचारलं तर हूं म्हणायचे.

एक दिवस माझा डबा भरता भरता ही म्हणाली, "मला एक लहान ऐरण हवी."

"कशाला?"

"हौस."

"ऐरणीची कसली हौस?"

"भातुकली करीन. एवढे एवढे हंडे, एवढी एवढी घंगाळं. मोठी भांडी गेली जर्मनची होऊन. पोरींच्या खेळातली तरी तांब्याची राहू देत."

आप्पा पलीकडच्या खोलीत होते. त्यांना ऐकू गेलं असणारच. भिंतीकडचं तोंड काही हललं नाही.

शेजारच्या शांताकाकूंना कळलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "वेणूताई, बायका हौस म्हणून क्रोशाचे रुमाल करतात हो. तुम्हाला ऐरण?"

"रुमाल ठोकता येत नाही ना, काकू," ही म्हणाली. "मला ठोकायचंच आहे."

मी विचार केला, ऐरण म्हणजे काय, खाली ठेवायला एक लोखंड. आणि लोखंडातलं मला कळतं. रुळासारखं लोखंड दुनियेत नाही, त्यावरून आख्खं इंजिन जातं, हे मी छातीठोकपणे कुणालाही सांगायचो. कल्याणच्या भंगारवाल्याकडून रुळाचा हातभर तुकडा घेतला आणि खांद्यावर टाकून घरी आलो. मोठ्या ऐटीत पडवीत ठेवला. ही बसली. तिच्याकडे एक लहान हातोडी होती, नारळ फोडायला म्हणून माहेराहून आणलेली. पुतण्यांच्या वाटपात ती आप्पांच्या नजरेतून सुटलेली, का सोडलेली, मला माहीत नाही. तिने रुळावर एक टोला दिला. तुकडा डुगडुगला. दुसरा दिला, तुकडा तिरका सरकला.

"नाचतोय," म्हणाली.

"बांधून टाकू की."

"बांधाल. पण डोकं बघा याचं. गोलसर. तांब्याचा पत्रा यावर ठेवला की मध्येच टेकतो, कडेला लोंबतो. आणि हे ओरखडे बघा. ऐरणीच्या तोंडावर जे असतं ते भांड्यावर उमटतं. एक चरा असला तरी उमटतो."

"अगं, यावरून मेल जाते!"

"मग जाऊ द्या. माझा तांब्या नको यावरून जायला."

तो तुकडा पडवीच्या दाराला टेकण म्हणून राहिला.

मग एका रविवारी आम्ही ठाण्याला गेलो. बाजारात एक लोखंडी सामानाचं दुकान होतं, विळे, कोयते, घमेली. मालक बरा माणूस होता. त्याने आतून काळ्या रंगाने रंगवलेली, छान चकचकीत, लहान ऐरण काढून समोर ठेवली. तिला पुढे चोच, मागे चौकोनी भोक, सगळं काही. मला एकदम आवडली. हिने कनवटीतून एक छर्रा काढला. मोटारीच्या चाकातला असतो ना, गुळगुळीत पोलादी गोळी, तो. कुठून मिळवलेला देव जाणे. तिने तो ऐरणीच्या वर, वीतभर उंचीवर धरला आणि सोडला. छर्रा पडला, जरासा उठला आणि मेल्यासारखा गडगडत खाली गेला.

दुकानदार हसला. "बाई, गोट्या खेळायला आलाय का?"

"बीड आहे," ही म्हणाली. "नुसतं ओतीव लोखंड."

"बीड तर बीड. घरात वापरायला काय कमी आहे?"

"हातोडीने जेवढं मारावं तेवढं हिने परत द्यायला हवं. ही सगळं गिळते. संध्याकाळपर्यंत माझा हात तुटेल."

आणि वर बोटाच्या पेराने टकटक केलं. आवाज असा आला की जणू पोतं वाजवलं. मला वाटलं, आता भांडण होणार. पण दुकानदाराने ऐरण उचलून मागे ठेवली आणि म्हणाला, "खरं सांगू का, ही मी चपलांना खिळे ठोकणाऱ्यांना विकतो. तुम्हाला पाहिजे तसली नवी मिळायची नाही. जुनी शोधा. कुणाच्या तरी परसात पडलेली असेल." मग हिच्याकडे छर्रा मागून त्याने स्वतः दोन-तीनदा टाकून पाहिला. मुलासारखा.

बाहेर आल्यावर मी वैतागलेलो. ऊन होतं, भूक लागलेली. ही मात्र म्हणाली, "आलोच आहोत तर सुकट घेऊन जाऊ." म्हणून आम्ही खाडीकडे कोळीवाड्यात उतरलो. ओहोटी होती. होड्या चिखलात तिरक्या पडलेल्या. एका म्हाताऱ्या कोळणीच्या दारात हिने सुकट घेतली, वास घेतला, नखाने मोडून पाहिली. आणि मग हिची नजर गेली चिखलात. एका लहान होडीचा दोर एका जड काळ्या लोखंडाला बांधलेला होता. शेवाळ, गंज, शिंपले चिकटलेले. मला तो दगडच वाटला. ही लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून सरळ चिखलात उतरली.

कोळीण ओरडली, "अगो बाय, माजे होरीला कनाला हात लावतंस? भरती येल नि होरी जाईल माजी!"

"होडी नको मला, आजी. हे काय आहे?"

"काय हाय म्हंजे? लोखन हाय. आमचे बाजूला एक लोहार रवायचा, विळे-कोयते करायचा. तो गाव सोरून गेला, ही टाकून. पोरांनी होरीला बांदली. तुना कनाला पायजे ती?"

हिने दोर बाजूला सारला. ओल्या वाळूने घासून घासून वरच्या तोंडावर रुपयाएवढी जागा मोकळी केली. कनवटीतून छर्रा काढला. हात वर धरून सोडला. छर्रा खाली गेला आणि तसाच्या तसा उडून तिच्या तळहातात परत आला. तिने पुन्हा सोडला, पुन्हा आला. मग हातातल्या पाटलीनेच हळूच टोला दिला. त्या गंजाच्या आतून इतका लांब, बारीक आवाज निघाला की कोळणीच्या दारातल्या कोंबड्या थबकल्या. हिचं तोंड मी तेव्हा पाहिलं. लग्नात पाहिलं नव्हतं असं तोंड.

"आजी, मला द्याल?"

"नि माजी होरी काय तू धरून बसशील?" म्हातारी म्हणाली. "मना येवराच जड कायतरी आन, मंग ने."

हिने माझ्याकडे पाहिलं. मी समजलो. पुढच्या रविवारी आमचा रुळाचा तुकडा डोंबिवलीहून ठाण्याला गेला आणि होडीला बांधला गेला. कोळणीला तो फार पसंत पडला. दोर बांधायला त्याला कंबर होती ना. आणि ऐरण पोत्यात बांधून माझ्या खांद्यावर आली. डोंबिवलीला उतरलो तर ओळखीच्या एकाने विचारलं, "पोत्यात काय हो एवढं?"

माझ्याआधी ही म्हणाली, "माहेरचं आहे. जडच असतं."

खरी गोष्ट पुढे झाली. आप्पांच्या पुढ्यात आम्ही पोतं सोडलं. ते प्रथमच भिंतीकडून वळले. डाव्या हाताचा अंगठा ऐरणीच्या कडेवरून फिरवला, चोचीवरून फिरवला.

"माझी नव्हे," म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला मी. "माझ्या ऐरणीची चोच आखूड होती. कुठं मिळाली?"

"ठाण्याला. खाडीत."

आप्पांनी हात काढून घेतला. चटका बसावा तसा. "पाण्याला दिलेली ऐरण घरात आणलीस? कुणाचं तरी घर बुडालं असेल, म्हणून दिली असेल. ते ओढवून घेतेस?"

"दिलेली नव्हती आप्पा. लोहार टाकून गेला."

"लोहार ऐरण टाकून जात नाही."

"आणि बुडालेलीही नव्हती. कामावर होती. होडी धरून होती."

आप्पांना ते उत्तर आवडलं नाही. ते एवढंच म्हणाले, "हिच्यावर घाव पडला तर मी या घरात पाणी पिणार नाही." आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

मला वाटलं, ही आता बंड करणार. तिने तसलं काही केलं नाही. मला बाभळीचा ओंडका आणायला लावला. एक खोकं वाळूने भरून त्यात ओंडका रोवला, वर गोणपाट घालून ऐरण बसवली, म्हणजे आवाज चाळीत जाणार नाही. शांताकाकूंचे यजमान रात्रपाळीला असत, दिवसा झोपत, त्यांची काळजी. मग रोज दुपारी विटकरीची भुकटी आणि तेल घेऊन ती ऐरणीचं तोंड घासत बसायची. नुसतं घासायची, मारायची नाही. आधी तांबडा गंज गेला, मग काळा थर, मग खड्डे. पुढे राख, पुढे नुसतं सुती फडकं. महिनोन्‌महिने. होता होता त्या तोंडात पडवीचं कौल दिसायला लागलं. मी एकदा त्यात बघून मिशी विंचरली तर केवढी ओरडली. "वाफ धरते तुमच्या नाकाची!"

मी म्हटलं, "घासतेसच नुसती. मारणार कधी?"

"ते हो म्हणाले की."

"ते म्हणायचे नाहीत."

"मग नाही मारणार," म्हणाली. "पण तयार असू दे."

रात्री भाकरी वाढताना ती आप्पांना दिवसभराचं सगळं सांगायची. आज एक खड्डा गेला, आज एक राहिला. ते हूंसुद्धा म्हणायचे नाहीत. मला दोघांचाही राग यायचा. बाप लुळा आणि हट्टी, मुलगी धडधाकट आणि हट्टी, आणि मधे ऐरण गोणपाटाखाली झाकून ठेवलेली, घरात नवी सून आणावी आणि तिच्याशी कुणी बोलू नये तशी.

हे सुटलं ते शांताकाकूंच्या कळशीमुळे. त्यांची तांब्याची कळशी विहिरीवर पडून हा एवढा पोचा आला. रडकुंडीला येऊन त्या आमच्याकडे आल्या. "आईने दिलेली हो, वेणूताई. तुमच्या घरात हे काम होतं ना?" हिने कळशी घेतली. आप्पांच्या खाटेसमोर बसली. आणि स्वयंपाकघरातला पाटा ओढून आणला, वाटण वाटायचा दगडी पाटा. कळशी त्यावर आडवी ठेवली, आत हातोडी घातली आणि दिला ठोका. दगडावर तांबं. असा भेसूर खडखडाट झाला की माझ्या दातांना कळ लागली. दुसरा ठोका. तिसरा.

खाटेवर आप्पा वळले. "काय करतेस?"

"पोचा काढते."

"दगडावर?"

चौथा ठोका. आप्पांचं तोंड लाल झालं. डाव्या हाताने खाटेची कड धरून ते अर्धे उठले. "अगं मूर्ख! तांबं आहे ते! त्याला खाली दगड देतेस? फाटेल! खडे उमटतील! ऐरण काढ ती! काढ आधी!"

 शांताकाकूंनी पदर तोंडात धरला. आप्पा आपल्याच तोंडून काय निघालं ते ऐकत बसल्यासारखे बसले. ही उठली, कळशी उचलली आणि पडवीत गेली. गोणपाट काढल्याचा आवाज आला. मग चोचीवर कळशी चढवल्याचा. मग बराच वेळ काही नाही.

आप्पा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "आप्पा, ती तुमच्या हुकमासाठी थांबलीय."

आप्पा म्हणाले, "मला तिकडे न्या."

मी त्यांना उचलून पडवीत नेऊन बसवलं. त्यांनी तिची बसण्याची पद्धत पाहिली, खांदा पाहिला. म्हणाले, "कोपर अंगाला लाव. घाव वरून पाडायचा, ढकलायचा नाही. आता मार."

तिने मारला. तो आवाज वेगळाच होता. लांबून आल्यासारखा, स्वच्छ.

आप्पांनी दुपारी पाणी मागितलं. तांब्यातून घटाघटा प्यायले. 

पाटा तिने मुद्दाम घेतला होता का, हे मी तिला पुढे अनेकदा विचारलं. दर वेळी म्हणायची, "वाटण वाटायचं होतं, पाटा समोर होता." मला वाटतं मुद्दाम घेतला. शांताकाकूंनाही वाटायचं. आप्पांनाही वाटत असेल.

त्यानंतर आप्पा भिंतीकडे तोंड करून बसले नाहीत. खाट पडवीच्या दाराशी आली. मोडीतलं तांबं मी कल्याणहून आणायचो, ही बसायची, आणि ते डोळे मिटून ऐकायचे. बघायचे नाहीत, ऐकायचे. "तिथं जाड राहिलंय." "पुन्हा तिथंच मारतेस, पुढं सरक." मारून मारून तांबं कडक होतं, मग ते चिरतं, ते तापवून लाल करायचं, पाण्यात बुडवायचं, की पुन्हा मऊ होतं. आप्पा म्हणायचे, "तांबं रागावलं. आता मारू नको. भाज." हे हिने संसारातही आणलं. मी ड्यूटीवरून चिडून आलो की म्हणायची, "आज हे कडक झालेत. यांना भाजायला पाहिजे," आणि गरम पाण्याची बादली पुढ्यात ठेवायची. मी आणखी चिडायचो, मग अंघोळ करायचो, मग खरंच मऊ व्हायचो.

पहिलं भांडं झालं तो एक हंडा, लिंबाएवढा. आप्पांनी तो तळहातावर घेतला, उलटा केला, काठावरून जीभ फिरवली. जिभेला कंगोरा कळतो म्हणे. आणि म्हणाले, "पाणी राहील यात." एवढंच. हिला तेवढं दिवाळीएवढं झालं. शांताकाकूंच्या नातीला तो हंडा मिळाला. मग चाळीतल्या सगळ्या पोरींना. घंगाळं, परात, तपेली, एक बंबसुद्धा, आत खरोखरचा निखारा मावेल असा. शांताकाकू म्हणायच्या, "काय बाई, आमच्या खऱ्या स्वयंपाकघरात जर्मन आणि पोरींच्या खोट्यात तांबं!" त्यांच्या यजमानांची झोप मात्र मोडली नाही. वाळूचं खोकं हुशारीचं होतं.

कल्याणच्या पुतण्यांपैकी एकजण आला होता एकदा. पडवीत बघितलं आणि म्हणाला, "आप्पा, बाईच्या हातात?" आप्पा म्हणाले, "तुला हातोडा दिला होता. काय करतोस त्याचं?" तो जर्मनच्या भांड्यांच्या दुकानात कामाला होता. चहा न घेता गेला.

मग आप्पा गेले. झोपेत गेले, त्रास नाही. तेरावं झालं, घर रिकामं झालं, आणि ही ऐरणीपाशी बसेना. बसली तर एखादं भांडं अर्धवट करायची आणि उठून आप्पांची खाट होती त्या दाराशी जाऊन उभी राहायची. हातात भांडं घेऊन. कुणाला दाखवणार? मी एकदा म्हटलं, "अगं, छान झालंय की."

"तुम्हाला रूळ कळतो," म्हणाली. रागाने नाही. खरं तेच.

माझ्या मनात तेव्हा एकच भीती. इतका हट्ट करून मिळवलेलं, बाप गेला म्हणून सुटतंय की काय. तिने गोणपाट टाकलं ते कितीतरी दिवस काढलंच नाही. चाळीतल्या पोरी विचारायला यायच्या, ती "बघू" म्हणायची.  बोलून व्हायचं नव्हतं. तिला जे हवं होतं ते माझ्याजवळ नव्हतं, आणि ज्यांच्याजवळ होतं ते गेले होते.

हॉस्पिटलातले तिचे शेवटचे दिवस मी लिहिणार नाही. तिथे नळ्या होत्या, सलाइन होतं, ती फारशी नव्हती. मी तिला शेवटची बघितली म्हणाल तर मी दुसरीकडची सांगेन, आप्पा गेल्यानंतरच्या त्याच दिवसांतली, डोंबिवलीची. लोक म्हणतील म्हाताऱ्याला काळवेळ कळत नाही. नाही कळत.

दुपारची वेळ होती. त्या दिवशी माझं काम लवकर आटोपलं आणि मी रुळावरून खाचरांच्या बांधाने मागच्या बाजूने घराकडे आलो. भात कापून झालेलं, सगळं मोकळं. पडवीची ती बाजू मोकळी, लांबूनच ऐरणीचा बारीक आवाज आला. थांबलो. नीट ऐकला. पुन्हा आला. मी बांधावरून भरभर चालत पडवीच्या कुंपणाशी आलो.

ती बसलेली होती, माझ्याकडे पाठ अर्धी वळवून. भांडं पुरं झालं होतं असं दिसलं, कारण तिने हातोडी खाली ठेवली आणि घंगाळ उचललं, मुठीएवढं. काठावरून जीभ फिरवली. मग ते उलटं करून आकाशाकडे धरलं, एक डोळा मिटला आणि आत बघत राहिली. कुठे बारीक छिद्र असेल तर उजेड आत येतो, ते बघत होती. उन्हाने तिचा गाल तांब्याच्या रंगाचा झालेला. कपाळाला राख लागलेली. बराच वेळ तशीच. घंगाळ थोडं फिरवायची, पुन्हा बघायची. मला तर ते उत्तम दिसत होतं. कुणीही म्हणालं असतं, झालं.

तिने मान हलवली. झालं नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं तिला, दाराशी कुणी नव्हतं. तिने स्वतःशीच काहीतरी पुटपुटलं, शेगडीवर फुंकर घातली, घंगाळ लाल होईपर्यंत धरलं, पाण्यात बुडवलं. चर्र झालं. मग पुसून ते पुन्हा चोचीवर चढवलं, कोपर अंगाला लावलं आणि पहिल्यापासून मारायला सुरुवात केली.

मी हाक मारली नाही. डबा हातात धरून कुंपणाशी उभा राहिलो.